कुंभार्ली उतरण्यापूर्वी ब्रेकचे बोल ऐका

कराडहून चिपळूणला जाणारी वाट मोठी देखणी. मल्हारपेठ, पाटण मागे टाकत ती कोयनेच्या खोऱ्याने वर चढते. महाबळेश्वराकडून दक्षिणेला येणारी कोयना हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. आपण मात्र तिथून पश्चिमेला जायचे. जवळच कोयनानगर आणि शिवसागराचे पाणी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण या खोऱ्यात अजून निघते. पुढे कुंभार्ली घाट लागतो आणि बघता बघता देश सरून कोकण सुरू होते.

मंडळी, लेकीच्या सासरी जायचे असो की चिपळूणच्या बाजारात, हल्ली पुष्कळ जण ही वाट मोटारसायकलनेच धरतात. मागे कारभारीण आणि तिच्या मांडीवर पिशवी असते. कॅरियरला तांदळाचे नाहीतर शेंगांचे बाचके बांधलेले असते. म्हणून घाटमाथा येण्याआधीच पुढच्या डिस्क ब्रेकची परीक्षा घ्यावी. उतारावर ती घेण्याची वेळ येऊ नये.

पाटण सोडल्यावर रस्ता सरळ आणि मोकळा दिसला की पुढचा ब्रेक हळूच दाबा. डिस्क सरळ असेल तर लिव्हर बोटाखाली शांत राहते. डिस्क वाकडी असेल तर लिव्हर बोटांना टुकटुक धक्के देते आणि गाडी झोके खात थांबते. या धक्क्यांना चाकाच्या फेऱ्यांचा ठेका असतो. ताशी वीसच्या वेगाला सेकंदाला साधारण तीन धक्के, चाळीसला सहा. वेग उतरला की ठेकाही संथ होतो. ब्रेक सोडताच धक्के थांबले, तर दोष बहुधा डिस्कमध्ये आहे असे धरून चाला.

तरी लगेच नव्या डिस्कचे पैसे मोजू नका. हेळवाकला चहाला थांबाल तेव्हा डिस्क निवू द्या. मग गाडी मेन स्टँडवर लावा. एकाने मागचे कॅरियर दाबून धरले की पुढचे चाक उचलते. चाक हाताने सावकाश फिरवा आणि बोटे डिस्क व कॅलिपरपासून दूर ठेवा. पॅडचा थोडा घासल्यासारखा आवाज सारखा येत असेल तर काळजी नको. प्रत्येक फेरीत एकाच जागी 'खस्स' होऊन चाक अडत असेल तर ती जागा खडूने खुणवा. मग एक ताठ तार शॉकपच्या नळीला घट्ट बांधा. तिचे टोक डिस्कच्या कडेजवळ, पण न टेकता ठेवा. चाक फिरवताना तार आणि डिस्क यांमधली फट कमीजास्त होते का ते पाहा. तारेचे टोक रिमजवळ धरून हीच तपासणी पुन्हा करा. रिम डोलत असेल आणि डिस्क स्थिर असेल, तर चाक आऊट झाले आहे.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. चाक वरून धरून आडवे हलवा. ते खुळखुळले तर बेअरिंग गेले आहे, आणि त्यामुळे चांगली डिस्कसुद्धा डोलताना दिसते. मग चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक आवळून धरा आणि गाडी मागेपुढे ढकला. हँडलच्या मानेत 'टक्' झाले तर कोनसेट ढिला आहे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्यांत जोराने ब्रेक दाबल्यावर किंवा वाळूत चाक घसरताना लिव्हर थरथरते. तो दोष नव्हे. डिस्कचा दोष अगदी हलक्या ब्रेकलाही बोलतो, हा फरक ध्यानात ठेवा.

लिव्हर मऊ पडून आत जात असेल तर दुखणे निराळे. ब्रेक ऑईलमध्ये हवा शिरली असेल, ऑईल कमी झाले असेल किंवा ते उकळले असेल. अशी लिव्हर घेऊन घाटात उतरूच नये. धक्के हलके असतील तर एकट्याने, सावकाश जाता येईल. पण हँडल हादरत असेल किंवा चाक अडत असेल, तर कारभारणीला एसटीत बसवा आणि गाडी मिस्त्रीकडे न्या. उशीर झाला तर पाहुणे रागावतील, एवढेच.

आता घाट. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची खोड अनेकांना असते. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला उंचावरून पडते आणि वीज होते. गाडीही तशीच उंचावरून खाली येते, पण तिची वीज होत नाही, उष्णता होते. गाडी, दोन माणसे आणि ओझे मिळून तीनशे किलो धरले आणि चारशे मीटर उतार धरला, तर साडेतीन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी ती होते. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही, तर बहुतेक भार त्या पातळ डिस्कवर आणि मागच्या ब्रेकवर येतो.

म्हणून इंजिन चालू ठेवा, दुसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ ठाम दाबा आणि मोकळे सोडा. सारखे घासत उतरू नका. तापलेल्या डिस्कवर झऱ्याचे पाणी मारू नका. खाली थांबल्यावर ब्रेक आवळूनही ठेवू नका, कारण पॅडचा थर तापलेल्या डिस्कवर एका जागी चिकटतो आणि मग सरळ डिस्कही वाकडीसारखी धक्के देते.

पोफळी, शिरगाव, अलोरे करत चिपळूणला पोचलात की मिस्त्रीला आधी स्वस्तातली कामे सांगा. चिखलाने जाम झालेल्या कॅलिपरच्या पिना साफ करून घ्या. डिस्कचे बोल्ट तपासून घ्या. डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंज असेल तर तो काढून घ्या. मग डायल गेजने डोल मोजायला सांगा. बऱ्याच गाड्यांची मर्यादा मिलीमीटरच्या तीन दशांशांच्या आसपास असते, पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावा. जाडीही चार-सहा ठिकाणी मोजून घ्यावी. कमीत कमी किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेले असते. आकडा चुकला तर डिस्क आणि पॅड दोन्ही नवे घ्या. हातोडीने ठोकून सरळ केलेली डिस्क कधीही बसवू नका. नव्या पॅडवर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर ब्रेक बेताने लावा.

बैलाची चाल बिघडली की आपण खूर उचलून पाहतो. पुढच्या चाकालाही तेवढीच पाच मिनिटे द्या. कुंभार्लीचे हिरवे डोंगर मग कारभारणीला निवांत पाहता येतील.