तेर, मुंबई, कोलंबो

अंतर वाटेवरच्या दिवसांत मोजण्याची रीत आपल्या जिल्ह्याला जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या प्रवासावर तगर नावाचे मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेच आपले तेर. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जात असे. शाळेच्या सहलीत तेरच्या लामतुरे संग्रहालयात हे प्रथम ऐकले, तेव्हा दहा दिवस आम्हांला फारसे वाटले नाहीत. आमच्यापैकी निम्म्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात, ते उन्हाळा लागल्यावरच परतत. वसतिगृहाच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून आम्ही दिवस मोजत असू; रेघा शंभराच्या पुढे जात.

त्याच आईवडिलांना घेऊन आम्ही काही वर्गमित्र गेल्या वर्षी श्रीलंकेत अनुराधपूरला गेलो. मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्या देशात गेले होते, हे शाळेत शिकलो होतो. तो किती दूर आहे, हे कधी विचारले नव्हते.

मुंबई ते कोलंबो हवाई अंतर सुमारे १,५२५ किलोमीटर, वेळ अडीच तासांच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवली तर गंमत दिसते. धाराशिवहून कोलंबो सरळ रेषेत जेमतेम १,३०० किलोमीटर भरते. म्हणजे मुंबईकरांपेक्षा आपण दोनशेहून अधिक किलोमीटर जवळ! पण विमान मुंबईचे. तेव्हा दक्षिणेला जाण्यासाठी आधी रात्रभर रेल्वेने पश्चिमेला जायचे. मग विमानतळावर तीन तास आधी हजेरी, आणि उतरल्यावर कटुनायकेहून अनुराधपूरपर्यंत रस्त्याने आणखी चार-साडेचार तास. ‘कोलंबो काय, अडीच तासांवर’ असे म्हणणाऱ्याचे घर विमानतळाजवळच असले पाहिजे.

शिवाय तिकिटांसाठी तीन वर्षे चालवलेली भिशी या हिशेबात धरलेली नाही. पासपोर्टसाठी जन्मतारखेचे पुरावे जमवण्यात चार महिने गेले. उसाच्या फडावर जन्मलेल्यांची नोंद कोण ठेवणार?

विमान उतरू लागले तेव्हा एका मित्राची आई म्हणाली, “आलं पण? अजून चटणीची पुडी सोडली नाही.”

अनुराधपूरचा बोधिवृक्ष हा संघमित्रेने समुद्रमार्गे आणलेल्या फांदीचा, असे परंपरा सांगते. आमच्या आया त्याच्या सावलीत बराच वेळ बसून राहिल्या. पुढच्या स्थळाची वेळ टळत होती, पण उठा म्हणण्याचे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

सायंकाळी गावी फोन लावला. नातवाने पहिला प्रश्न केला, “आजी, तिथं किती वाजले?” श्रीलंकेचे घड्याळ आपल्याच वेळेने चालते.

“तुझ्याकडं वाजले तेवढेच,” आजी म्हणाली, आणि जेवलास का, ते विचारू लागली.