नळी केवढी घ्यायची?



माझी ताई पुण्यात राहते. तिथे पाइपचा गॅस आहे. गेल्या वर्षी जुन्या घराच्या मागे त्यांनी नवीन घर बांधलं. गॅसचं मीटर मात्र पुढच्याच भिंतीवर आणि नवीन स्वयंपाकघर तिथून ६० फुटांवर. ताईचा फोन आला, "अरे, तू मास्तर आहेस ना? अर्ध्या इंचाचाच पाइप पुढे नेला तर चालेल का? ओळखीचा प्लंबर तर चालेल म्हणतो." इथे शिरपूर जैनला आमच्या घरी सिलिंडर. तरी मी ठोकून दिलं, "चालेल की!"

दोन दिवसांनी चौथीच्या वर्गात हवेचा पाठ होता. प्रत्येकाला स्ट्रॉ दिली, पेल्यातल्या पाण्यात बुडबुडे काढायला लावले. मग चार स्ट्रॉ चिकटपट्टीने जोडल्या. एकाचं तोंड लाल झालं. "सर, लय जोर लावा लागते!" दुसऱ्याने पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला. त्यातून एका फुंकरीत पाणी पेल्याबाहेर!

मला ताईचा पाइप आठवला. घरगुती पाइप गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार, म्हणजे २१ सेंटिमीटर उंच पाण्याएवढा. आपल्या फुटपट्टीपेक्षाही कमी! तो पाइपला घासूनच वाटेत संपला तर? पाइपची लांबी दुप्पट झाली की दाबातली घटही दुप्पट होते. प्रत्येक एल्बो म्हणजे लांबीत आणखी भर. पण व्यास दुप्पट केला तर छिद्राचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढाच गॅस नेताना दाबातली घट जवळपास तिसाव्या हिश्श्यावर येते.

त्यात ताईकडे गीझर. तो शेगडीच्या दुपटीहून जास्त गॅस ओढतो. तो सुरू झाला की शेगडीची ज्योत बसणार. ती विझली आणि कोणाचं लक्ष नसलं, तर गॅस तसाच घरात पसरणार.

मधल्या सुट्टीतच फोन लावला. "ताई, माझं चुकलं. काम थांबव, गॅस कंपनीच्या माणसालाच बोलाव." त्याने शेगडी, गीझर, अंतर, वळणं सगळं लिहून घेतलं आणि एक इंचाचा पाइप सांगितला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "सरांचं उत्तर चुकलं होतं, ते तुमच्या स्ट्रॉने सुधारलं." मुलं टाळ्या वाजवून हसली.

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. स्ट्रॉ मात्र प्रत्येकाची वेगळी हवी.