आनंदपुरांतील एक भोजन

गेल्या चैत्रांत चिरंजिवांच्या आग्रहावरून अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत दोन महिने राहण्याचा योग आला. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलेल्या माणसानें साता समुद्रांपलीकडे जाऊन पाहावयाचें तें काय, असा प्रश्न वाईच्या घाटावर सायंकाळीं बसणाऱ्या आमच्या मंडळींनीं मला निघतांना केला होता. पाहण्यासारखें तेथें पुष्कळ आहे, आणि त्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलेंही आहे. मला सांगावयाचें आहे तें एका दुपारच्या जेवणाविषयीं.

तेथें पोंचल्याच्या दुसऱ्याच दिवशीं नात एक चित्र घेऊन माझ्यापुढें उभी राहिली. तिचें वय नऊ वर्षें. शाळेंत सर्व मुलांना आपापल्या आजीआजोबांच्या गांवाचें चित्र काढावयास सांगितलें होतें. चित्रांत एक बर्फाच्छादित शिखर, त्याखालीं दोरीवर फडफडणाऱ्या रंगीबेरंगी पताका, एक पडका राजवाडा, आणि त्या राजवाड्यांत ऐटीनें बसलेला वाघ! खालीं इंग्रजी अक्षरांत लिहिलें होतें, ‘माझ्या आजोबांचें गांव.’ मीं चित्राची स्तुति केली. परंतु मनाला एक चुटपुट लागून राहिली. पोर दीड वर्षाची असतांना एकदां वाईस आली होती; त्यानंतर येणें झालेंच नाहीं. आजीला तिनें पाहिलें तें फोनच्या पडद्यावर, आणि आतां तर आजीही राहिली नाहीं.

“हें सारें तूं कोठें पाहिलेंस ग?” मीं विचारलें.

“आनंदपुरांत!” ती म्हणाली. “बाबा आपल्याला तिथें जेवायला नेणार आहेत.”

आनंदपुर हें नांव संस्कृताच्या अभ्यासकास अपरिचित नाहीं. वाजसनेयी संहितेवर भाष्य लिहिणारा उवट स्वतःस आनंदपुरचा रहिवासी म्हणवितो. सातव्या शतकांत भारतांत आलेल्या ह्युएन त्संगानेंही त्या नांवाच्या नगराचें वर्णन केलें असून तें नगर म्हणजे गुजराथेंतील वडनगर, असें विद्वान् मानतात. नातीचें आनंदपुर मात्र निराळें. ओर्लँडो शहरानजीक वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नांवाचा जो विस्तीर्ण क्रीडाप्रदेश १९७१ सालापासून आहे, त्यांत ‘ॲनिमल किंग्डम’ हें सुमारें ५८० एकरांचें उद्यान २२ एप्रिल १९९८ रोजीं उघडण्यांत आलें. प्राणी हा त्याचा मुख्य विषय. त्याचे खंडवार विभाग पाडलेले असून आशियाचा विभाग १९९९ सालीं खुला झाला. भारत, नेपाळ, थायलंड, इंडोनेशिया इत्यादि देशांच्या खुणा एकत्र करून कल्पनेनें जें एक राज्य तेथें उभें केलें आहे, त्याचें नांव आनंदपुर.

ठरल्या दिवशीं आम्ही चौघें सकाळींच निघालों. तेथें जेवणाची जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. तें काम सूनबाईंनीं आधींच केलें होतें. हवा थेट कोंकणांतल्यासारखी दमट. आनंदपुराच्या वेशींतून आंत शिरलों आणि क्षणभर मी खरोखरच थबकलों. भिंती नव्या बांधून त्यांचा रंग मुद्दाम उडविलेला. त्यांवर पुसट झालेल्या जाहिराती. माथ्यावर विजेच्या तारांचा गुंता. कोपऱ्यांत टेकून ठेवलेली जुनाट सायकल. हें उद्यान जो रोडी नांवाच्या कल्पक गृहस्थाच्या देखरेखीखालीं रचलें गेलें आणि त्यासाठीं त्याची मंडळी नेपाळापर्यंत हिंडून आली होती, असें चिरंजिवांनीं सांगितलें. आमच्याकडील नगरपालिका ज्या गोष्टी नाहींशा करण्यासाठीं पैसा खर्च करतात, त्याच येथें पैसा खर्चून निर्माण केलेल्या पाहून मला हंसूं आलें. पण तें हंसणें पुरतें खुललें नाहीं. जुन्या घराच्या जीर्णतेमागें तेथें नांदलेल्या माणसांच्या चार पिढ्या असतात. या भिंतींमागें कोणीच नांदलें नव्हतें.

पडक्या राजवाड्याच्या आवारांत वाघ दिसला. चित्रांतला तो हाच. त्या बाजूसच काळवीट शांतपणें चरत होते. ज्या भूमींत कृष्णसार मृग स्वभावतः संचार करतो ती भूमि यज्ञास योग्य, असें मनुस्मृति सांगते. येथें तो स्वभावतः संचार करीत नव्हता खरा. तथापि त्याचीं पीळदार शिंगें पाहून परदेशांत एकाएकीं गांवचा माणूस भेटावा तसें झालें.

पुढें हिमालय लागला! २००६ च्या एप्रिलांत सुरू झालेलें हें हिमशिखर भरवेगानें धांवणाऱ्या गाडीसाठीं बांधलेलें आहे. त्याची उंची दोनशें फुटांस अर्धा फूट कमी. कारण पूर्ण दोनशें फूट केली तर विमानांसाठीं माथ्यावर दिवा लावावा लागतो, आणि हिमालयावर तांबडा दिवा शोभणार कसा? खरें एव्हरेस्ट २०२० सालच्या मोजणीप्रमाणें ८,८४८.८६ मीटर, म्हणजे एकोणतीस हजार फुटांहून थोडें अधिक. बापलेक त्या गाडींत बसून किंचाळून आलीं. सूनबाई आणि मी खालीं सावलींत उभे राहिलों.

भोजनगृह तेथून जवळच. त्याचें नांव ‘याक अँड येती’; तें २००७ सालीं उघडलें. काठमांडूंत राणांच्या एका जुन्या वाड्यास जोडून याच नांवाचें एक प्रसिद्ध हॉटेल फार पूर्वींपासून आहे. येती म्हणजे शेर्पांच्या कथांतील हिममानव. तो निश्चितपणें कोणीं पाहिला नाहीं. याक मात्र आपल्या परिचयाचा. संस्कृतांतील चमरी ती हीच; देवावर ढाळतात त्या चवऱ्या तिच्याच शेंपटाच्या केसांच्या. एक प्राणी आमच्या देवघरांतला आणि दुसरा कथेंतला. पाटी वाचून मला थोडें बरें वाटलें.

आंत दुमजली वाड्यासारखी रचना, कोरीव लांकूडकाम, कोनाड्यांतून मूर्ति आणि भांडीं. आम्हांस वरच्या मजल्यावर जागा मिळाली. पदार्थांची यादी हातीं आली आणि मी भूगोल विसरलों! चीनच्या शेवया, कोरियाचें कोंबडें, जपानी तेरियाकी आणि आपल्याकडील टिक्का मसाला एका पंक्तीला बसलेले. कच्च्या ट्यूना माशाचे ‘नाचोज’ होते. म्हणजे मेक्सिकोही आशियांत दाखल झाला होता! गोमांसाचे पदार्थही होते; तीं अक्षरें दिसतांच डोळे पुढच्या ओळीवर नेले. हें काय आशियाचें जेवण, असा संताप मनांत येऊं लागला. तोंच वाईच्या बसस्थानकाबाहेरील ‘चायनीज’ची गाडी आठवली. जें ‘मंचुरियन’ आपण चिनी म्हणून खातों, तें मुंबईंत १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग नांवाच्या, कलकत्त्यास जन्मलेल्या आचाऱ्यानें प्रथम केलें असें सांगतात. मंचूरियांतल्या माणसास तें दाखविलें तर तो ओळखणारही नाहीं. तेव्हां परक्याचें नांव घेऊन आपल्या जिभेला रुचेल तें रांधावयाचें, हा दोष एकट्या अमेरिकेचा म्हणतां येत नाहीं.

‘शाकाहारी’ एवढें म्हटलें कीं आपल्याकडे प्रश्न संपतो. तेथें तो सुरू होतो. भाजी भाजीच असली तरी तिच्यावरील रसांत मासळीचा किंवा कालवांचा अर्क असूं शकतो. वाढणाऱ्या मुलीनें आमची अडचण शांतपणें ऐकली, आंत जाऊन मुदपाकखान्यांतील एका जाणत्या माणसास घेऊन आली, आणि त्यानें कशांत काय आहे तें एकेक करून सांगितलें. अखेर पिठांत घोळून तळलेली फरसबी, परतलेल्या भाज्या आणि साधा भात ठरला. आमच्या पंक्तींतही पथ्याच्या माणसाची विचारपूस नेहमींच इतक्या आस्थेनें होते असें नाहीं, हें मनोमन कबूल केलें.

जेवण येईपर्यंत नात माझ्या शेजारीं सरकून बसली. “आजोबा, तुमचें गांव असेंच आहे ना?”

उत्तर अगदीं ओठांवर होतें कीं, नाहीं, हें सगळें खोटें आहे. पण एवढें बोलून थांबलों असतों तर तिच्याजवळ उरलें काय असतें? तिचें तें चित्र मीं फाडल्यासारखें झालें असतें, आणि त्याच्या जागीं लावावयास माझें असें कांहींच मीं तिला आजवर दिलें नव्हतें. दर रविवारीं फोनवर ‘अभ्यास कर, दूध पी’ एवढेंच सांगत आलों होतों. विद्यार्थ्यांना कथा सांगण्यांत आयुष्य गेलें. घरच्या विद्यार्थिनीला एकही सांगितली नव्हती.

मग मला सकाळची नदी आठवली. आनंदपुरांत एक कृत्रिम नदी केलेली असून वाटोळ्या होड्यांतून लोक तिच्या लाटांत भिजत जातात. त्या ठिकाणच्या मजकुरांत तिचें नांव वाचून मी चकित झालों होतों. तें नांव चक्रनदी!

“तुझ्या आईच्या देवघरांत काळा गुळगुळीत दगड आहे ना?” मीं विचारलें.

“आजीनें दिलेला? शाळिग्राम?”

“तोच. तो चक्रनदींतला आहे. खऱ्या चक्रनदींतला.”

तिचे डोळे मोठे झाले. मग मीं तिला सांगितलें कीं, नेपाळांतील गंडकी नदीलाच भागवताच्या पांचव्या स्कंधांत चक्रनदी म्हटलें आहे. कारण तिच्या शिळांवर चक्राच्या खुणा असतात. भूशास्त्रज्ञ सांगतात कीं, हिमालय आहे तेथें कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्र होता, आणि तीं चक्रें म्हणजे त्या समुद्रांतील शंखवर्गी जीवांचे दगड झालेले अवशेष. त्याच नदीच्या कांठीं भरत नांवाचा राजा राज्य सोडून तप करीत राहिला होता. ज्याच्या नांवावरून आपल्या देशाला भारतवर्ष म्हणतात असें भागवत सांगतें, तो हा ऋषभदेवाचा पुत्र. एके दिवशीं तो नदीवर बसला असतां एक गाभण हरिणी पाणी पिण्यास आली. इतक्यांत सिंहाची गर्जना झाली. हरिणीनें भयानें नदीपार उडी घेतली. पाडस पोटांतून प्रवाहांत पडलें आणि ती बिचारी पलीकडे मरून गेली. राजानें पाडस उचललें, वाढविलें आणि त्याच्या मायेंत इतका गुरफटला कीं, मरतांनाही त्याच्या डोळ्यांपुढें तें हरिणच होतें. म्हणून पुढच्या जन्मीं तो स्वतः हरिण झाला.

येथें ताटें आलीं आणि कथा थांबली. फरसबी कुरकुरीत होती, थेट भज्यांची बहीण, भातही मोकळा. शेवटीं अननसाचे तुकडे आणि मऊ चीज भरून तळलेले वॉनटन आईस्क्रीमसह आले. आकारावरून करंजीचें माहेर त्याच बाजूस असावें असें वाटलें. परंतु नातीचें लक्ष खाण्यांत नव्हतें.

“आजोबा, हरिण झाल्यावर त्या राजाला सगळें विसरायला झालें?”

“नाहीं. त्याला मागचा जन्म जसाच्या तसा आठवत होता. म्हणून ज्या डोंगरांत जन्मला तो सोडून तो पुन्हा त्याच नदीच्या कांठीं गेला.”

ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. समोर चिरंजीव मान खालीं घालून आईस्क्रीम ढवळीत होते. तें केव्हांच वितळलें होतें. कथा मीं नातीला सांगत होतों. ऐकत कोण कोण होतें तें माझ्या उशिरा ध्यानीं आलें.

“पण तो नदी खरा कुठें आहे?” ती एकदम म्हणाली.

‘तो’ नव्हे, ‘ती नदी’, असें एरवीं मीं तत्काळ सुधारलें असतें. त्या वेळीं सुधारलें नाहीं. उद्यानाचा नकाशा उलटा करून त्याच्या कोऱ्या जागेंत पेनानें हिमालय काढला, त्यांतून गंडकी काढून गंगेस मिळविली. मग बरेंच खालीं येऊन सह्याद्रि, कृष्णा, घाटाच्या पायऱ्या आणि ढोल्या गणपतीचें देऊळ काढलें. चित्रकला माझी यथातथाच; परंतु तिनें लक्षपूर्वक पाहिलें.

“इथें बर्फ कुठें काढूं?”

“वाईला बर्फ नाहीं. तेथें वडाचीं झाडें काढ.”

तिनें चार वड काढले, आणि मला विचारून त्यांना पारंब्या सोडल्या.

आनंदपुर रचणाऱ्यांनीं नांवें आपल्या भाषेंतून घेतलीं, याचें मला आतां वाईट वाटत नाहीं. नांव कोणींही न्यावें; त्याच्याबरोबरची कथा मात्र घरच्या माणसावांचून पोंचत नाहीं. वाचकांपैकीं अनेकांचीं नातवंडें आज दूरदेशीं आहेत. आपलें गांव त्यांना कसें दिसतें, हें एकदां त्यांनाच विचारून पाहावें, आणि उत्तर चुकलें तर आपण काय सांगावयाचें राहून गेलें तें आठवावें, एवढीच विनंती.

घरीं परतावयास रात्र झाली. दिवा लावून सूनबाई आंत गेल्या. थोड्या वेळानें मी पाणी पिण्यास उठलों, तों नात देवघरापुढें बसलेली. शाळिग्राम हातांत घेऊन, दिव्याजवळ धरून, ती त्यांतलें चक्र शोधीत होती.