दोघांपुरती गाडी

उघड्या टपाची जुनी गाडी बघायला पावसात जावं. ऊन असलं की अशी कुठलीही गाडी देखणीच दिसते. टप मागे पाडलेला, रंग चकाकणारा, आणि आपला हात खिशाकडे जायला लागलेला. पावसात वेगळ्या गोष्टी दिसतात. कापडी टपावरचं पाणी कुठे उतरतं, आसनांमागचं कार्पेट ओलं आहे का, दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो का, हे कोरड्या दिवशी कळायचं नाही. मी शेफील्डला राहते. इथे पावसाची वाट फार बघावी लागत नाही.

मला हवी होती माझदाची एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात इंग्लंडच्या रस्त्यांवर आलेली. पहिल्या पिढीच्या, मिटत्या-उघडत्या दिव्यांच्या गाडीवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांची नजर पडली आणि तिचा भाव चढला. दुसरीचे दिवे कायमचे उघडे, म्हणून तिच्याकडे लोक जरा कमी प्रेमाने बघतात. माझ्यासारखीला ते बरंच झालं. दोन-अडीच हजार पौंडांत ती अजून मिळते आणि तिच्या टपाला मागे खरी काच असते, तापवायच्या तारांसकट. पहिल्या पिढीत तिथे प्लास्टिक होतं. थंडीत ते कडक व्हायचं आणि टप पाडताना तडकायचं.

या गाडीचं दुखणं इंजिनात नाही. इंजिन दणकट आहे. तेल आणि टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला तर लाख मैल हा काही फार मोठा आकडा नाही. दुखणं पाण्याचं. टपावरचा पाऊस मागच्या कडेच्या पन्हळीत जमतो, तिथून दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत उतरतो आणि आसनांमागच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतो. साधी, हुशार व्यवस्था आहे. पण गाडी झाडाखाली उभी राहिली, पानं कुजून त्या भोकांत बसली, की पाण्याची वाट बंद होते. मग ते दाराखालच्या पोकळ पोलादी पेटीत, जिला इथले लोक सिल म्हणतात, तिच्यात मुरतं आणि पत्रा आतून खायला लागतं. बाहेरून रंग शाबूत दिसतो. त्यात इथल्या हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून लागतं. आतून पाऊस, खालून मीठ. मैलांचा आकडा कमी आहे म्हणून हुरळून जाऊन अशी गाडी घेतलेल्या माणसाला पुढच्या तपासणीत दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगचं बिल बघावं लागतं.

म्हणून मी फडक्यात गुंडाळलेला चुंबक घेऊन फिरत होते. सिलवरून तो हळूहळू मागच्या चाकाकडे न्यायचा. पत्रा असेल तिथे फडक्यातूनही ओढ लागते. पुट्टी भरलेली असेल तिथे हात एकदम हलका होतो. एका गाडीवर तो मागच्या चाकाच्या अलीकडे, चांगल्या वीतभर लांबीत, धरायलाच तयार नव्हता. वरचा लाल रंग इतका सफाईदार की बोट फिरवून काही कळलं नसतं. खाली वाकून पाहिलं तर चासीवर ताजा काळा लेप, अजून चिकट. विकणारा जवळ उभा राहून टपाचं कौतुक सांगत होता. मी आभार मानले आणि निघाले. (बॉनेटवर मात्र चुंबक चिकटला नाही तर घाबरू नये. या गाडीचं बॉनेट मुळातच ॲल्युमिनियमचं असतं, वजन वाचवायला.)

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासण्यांचा इतिहास नंबर टाकला की कुणालाही फुकट वाचता येतो. जमीन घेण्याआधी सातबारा बघावा तसा तो बघावा. दर वर्षीचे मैल त्यात असतात. पास-नापास तर असतंच; मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या तपासनिसाने खाली लिहिलेल्या सूचना. एका साली लिहिलेलं असतं, डाव्या सिलला किंचित गंज. पुढच्या साली तेच, ‘किंचित’ वगळून. त्याच्या पुढच्या साली काहीच नाही. गंज स्वतःहून बरा होत नाही, तेव्हा एक तर कुणी पत्रा कापून नवा जोडला, नाहीतर कुणी त्याच्यावर काळं फासलं. पावती असेल तर पहिलं खरं. मला या नोंदी वाचायची इतकी गोडी लागली की रात्री पुस्तक बाजूला ठेवून मी अनोळखी गाड्यांची वीस-वीस वर्षं वाचत बसायची. उन्हाळ्यात थोडीशी फिरणारी गाडी ओळखू यायला लागली. मालक बदलला की मैलांची चाल बदलते, तेही दिसायला लागलं.

आमच्या आईला माझदा म्हटल्यावर आठवली ती स्वराज माझदा. आमच्या सांगलीत शाळेच्या मुलांना नेणाऱ्या मिनीबसवर तेच नाव असायचं. ‘अगं, बस घेतेयस का तू?’ तिने फोनवर विचारलं. मी फोटो पाठवला. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, ‘वर छप्पर नाही, मागं बसायला जागा नाही, मग पैसे कशाचे द्यायचे?’

या प्रश्नाचं उत्तर या गाडीच्या जन्मकथेत आहे. १९७९ साली बॉब हॉल हा अमेरिकन मोटार-पत्रकार माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांना भेटला. पुढे आम्ही कसली गाडी करावी, असं यामामोतोंनी त्याला विचारलं. हॉलला जपानी येत होतं. हलकी, उघडी, दोन माणसांची, परवडणारी स्पोर्ट्स कार करा, तो म्हणाला. ब्रिटिशांनी अशा गाड्या पिढ्यान्‌पिढ्या केल्या होत्या, पण तेव्हा त्यांचा शेवट आला होता. एमजी मिजेट १९७९ साली बंद पडली, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर १९८० साली. तेल गळणं, ओल धरली की विजेची जोडणी रुसणं, हे त्या गाड्यांचे मालक गृहीतच धरून चालत. यामामोतो यांनी नंतर हाकोनेच्या घाटात एक स्पिटफायर चालवून पाहिली. रोटरी इंजिन मार्गी लावण्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घातलेला हा इंजिनिअर. त्याला त्या जुनाट ब्रिटिश गाडीत काय सापडलं असेल, हे ती चालवलेल्याला सांगावं लागत नाही.

पुढे अशी गाडी घडवायचं काम माझदात तोशिहिको हिराई यांच्याकडे आलं. घोडा आणि स्वार एकजीव झाले पाहिजेत, हे त्यांनी आपल्या माणसांसमोर ठेवलेलं लक्ष्य. ते लक्ष्य पत्र्यात उतरलेलं आजही दाखवता येतं. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे सरकवलेलं, त्यामुळे दोघं बसल्यावर पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वजन. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट, म्हणून पाय दाबल्याबरोबर गाडी पुढे जाते, मध्ये कुठे झोल पडत नाही. चार मीटरच्या आतली लांबी, जेमतेम एक टन वजन. गंमत म्हणजे पहिला चालता नमुना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वर्दिंग गावी तयार करून घेतला गेला आणि १९८५ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून पाहिला गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. २०१६ साली हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी निघाली. इतक्या निघाल्या म्हणूनच आज माझ्यासारखीला ती परवडते. सुटे भाग मिळतात, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला तिचं इंजिन तोंडपाठ असतं.

मला शेवटी मिळाली ती निळी, १.६ लिटरची. एका निवृत्त शिक्षकाची. त्याने दार उघडून दिलं आणि पहिल्यांदा आसनांमागचं कार्पेट स्वतःच उचलून दाखवलं. खालचा पत्रा कोरडा, कोपऱ्यातली भोकं उघडी. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी तो दर शरद ऋतूत त्या नळ्यांतून फिरवायचा. ताठ तार कधी घालू नको, नळी फाटते, असं त्याने मला बजावून सांगितलं. नळीत त्याने माझ्यासमोर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं वाकून ते मागच्या चाकापुढे पडताना बघत राहिलो. सिलच्या वेल्डिंगची पावती होती, कामाच्या फोटोंसकट. इंजिन थंड असताना सुरुवातीला टिकटिक ऐकू आली, गरम झाल्यावर गेली. तेल बदलायला आलंय एवढाच त्याचा अर्थ. मी भाव केला नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं गुडघ्यांवर बसून केलेली ही राखण होती, आणि माझ्या मते मी पैसे दिले ते तिचेच.

दोन आसनांबद्दल घरात जरा कुरबूर झाली. आमच्यात गाडी म्हणजे सगळ्यांना घेऊन जाणारी. देवदर्शन, लग्नकार्य, स्टेशनवर पाहुणे आणणं. मागच्या आसनावर तिघांच्या जागी चौघं. मी त्या मागच्या आसनावर वाढले, मांडीवर कुणाचं तरी बाळ घेऊन. ते मला प्रिय आहेच. पण इथे, पन्नाशीत, मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर, मला एका वेळी एकाच माणसाबरोबर जायचं होतं. नवरा शेजारी असला की मागून कुणी काही विचारत नाही, कुणाला काही द्यायचं नसतं. आम्ही पूर्वी न बोललेलं पुष्कळ काही या गाडीत बोललो आहोत, आणि टप पाडलेला असताना तर मोठ्याने बोललो आहोत, कारण तसं बोलल्याशिवाय ऐकूच येत नाही.

ऑगस्टमध्ये आई आली. मी तिला शेफील्डहून ए-५७ रस्त्याने लेडीबॉवरच्या धरणाकडे नेलं. डोक्याला रुमाल घट्ट बांधून, साडीचा पदर खाली दाबून ती बसली. बसताना कुरकुरली, कारण या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच टेकायचं. चाळीस मैलांच्या वेगाने मी निघाले. चाळीस पुरतात, इतकं खाली बसल्यावर चाळीससुद्धा अंगाला लागतात, आणि वळणावर स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी हाताला कळते. हेदर फुलली होती, डोंगरउतार जांभळे. बंद गाडीतून तो रंग मी कितीदा पाहिला होता; त्याला मधासारखा वास आहे, हे मला टप पाडल्यावरच कळलं. मेंढ्यांचा, ओल्या मातीचा, मध्येच कुणाच्या तरी धुराचा वास. पुलावरून जाताना मी तिला सांगितलं, खाली ॲशॉप्टन नावाचं गाव आहे, धरणात बुडालेलं. तिने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. ‘कोयनेत गेलेल्यांसारखंच की,’ म्हणाली.

पुढे चढावर ती मान मागे टाकून वर बघत राहिली. लहानपणी बैलगाडीतून चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला जायचे, रात्रीचा प्रवास, ती गवतावर उताणी पडलेली, असं ती सांगू लागली. कुणाची गाडी पुढे, कुणाच्या बैलांचं नाव काय, कुठल्या ओढ्यावर भाकरी सोडायची. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या पन्नास वर्षांत नव्हतं सांगितलं. पैसे कशाचे द्यायचे, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही, आणि मीही त्याची आठवण करून दिली नाही.

आता ऑक्टोबर संपत आला. मीठ टाकणारे ट्रक बाहेर पडण्याआधी गाडी उचलून तिचं पोट धुऊन, नीट वाळवून, सिलच्या आत मेणाचा फवारा मारून घ्यायचा आहे. गॅरेजवाल्याकडे वेळ मागितली आहे. गडबड करून ओल्यावरच मेण मारलं तर ओल आत कोंडते, म्हणून दोन दिवस गाडी तिथेच ठेवायची. डिसेंबरात मुलगी घरी येईल. तिला चालवायची आहे. तिला मी सांगून ठेवलंय: हीटर पायांकडे पूर्ण सोडायचा, टोपी घालायची, टप पाडायचाच, आणि गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर दामटून टाकायचा नाही, पहिला मैलभर त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यायचं.