दोन पोलो

पोलो नावाच्या दोन गाड्या माझ्या आयुष्यात आहेत. पहिली आमच्या घरची. २०१२ची, सेकंडहँड घेतलेली, चाकणला बनलेली. १.२ लीटरचं पेट्रोल इंजिन, तीन सिलिंडर, ७५ हॉर्सपॉवर. चार माणसं बसवून कात्रजचा घाट चढताना मी दुसऱ्या गिअरवर असते. दुसरी पोलो मी फक्त मोबाइलवर पाहिली आहे. १.६ लीटरचं टर्बो इंजिन, सुमारे ३१५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, शून्यापासून शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत. या दुसरीने २०१३ ते २०१६ या चार वर्षांत जागतिक रॅली स्पर्धेतल्या ५२ रॅलींपैकी ४३ जिंकल्या.

दोघींचं नाव एक, नाकावरचा बिल्ला एक, लांबून पाहिलं तर चेहराही एक. पण या दोघींचं एकमेकींशी नातं नक्की काय आहे? वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नात मी बरीच वर्षं अडकून पडले आहे.

आधी रॅलीबद्दल थोडं, कारण आपल्याकडे रेस आणि रॅली यांत बरेचदा गल्लत होते. फॉर्म्युला वनची गाडी ट्रकमधून ट्रॅकवर येते आणि ट्रकमधूनच परत जाते. रॅली होते ती खऱ्या रस्त्यांवर. जंगलातला मातीचा रस्ता, आल्प्समधला बर्फाळ घाट, शेतांमधून जाणारी एकपदरी सडक. असे ठरावीक रस्ते काही तासांसाठी बंद केले जातात, त्यांना स्टेज म्हणतात. तिथे गाड्या एकेक करून सुटतात आणि प्रत्येकीची शर्यत घड्याळाशी असते. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्यानंतरची आहे. एक स्टेज संपली की पुढच्या स्टेजपर्यंत तीच गाडी तोच ड्रायव्हर साध्या रहदारीतून घेऊन जातो. त्यामुळे जगज्जेत्या गाडीलाही नंबरप्लेट असते, इंडिकेटर असतात. ती सिग्नलला एखाद्या टेम्पोच्या मागे उभी राहते. वेगमर्यादा मोडली तर तिलाही दंड होतो.

गाडीत माणसं दोन. ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी वही घेऊन बसलेला को-ड्रायव्हर. रॅलीच्या आधी दोघं त्या रस्त्यावरून कमी वेगात दोनदा जातात आणि प्रत्येक वळण, उंचवटा, दगड लिहून घेतात. प्रत्यक्ष स्टेजवर को-ड्रायव्हर ते वाचत जातो. पुढचं वळण डोळ्यांना दिसायच्या आत ड्रायव्हरच्या कानात पोचलेलं असतं. पोलोच्या चारही वर्षांत जगज्जेता ठरलेला सेबास्तियाँ ओजिए आणि त्याच्या शेजारी बसणारा ज्युलियाँ इंग्रासिया, दोघंही फ्रेंच. व्हिडिओत ओजिएचे हात पाहायला मजा येते, पण मी जास्त वेळ इंग्रासियाचा आवाज ऐकत बसते. गाडी हवेत असतानाही त्याची लय तुटत नाही.

आता गाडीकडे येऊ. रॅलीच्या गाडीने बाजारातल्या गाडीशी किती इमान राखायचं, हे नियम ठरवतात आणि ते काळाप्रमाणे बदलत आले आहेत. १९८०च्या दशकात ग्रुप बी नावाचा प्रकार होता. त्यात फक्त २०० गाड्या बनवल्या की काम भागायचं. प्यूजो २०५ टर्बो १६ ही त्यातली सगळ्यात गाजलेली छोटी हॅचबॅक. दिसायला फ्रान्सच्या गल्लीबोळांत फिरणारी २०५, पण इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि ताकद चारही चाकांना. तिने १९८५ आणि १९८६ अशी दोन वर्षं जागतिक विजेतेपद मिळवलं. पण ग्रुप बीच्या गाड्यांचा वेग माणसांच्या आवाक्याबाहेर गेला होता. १९८६ साली पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली, कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि सर्जिओ क्रेस्टो हे चालक-सहचालक जळून गेले, आणि त्या वर्षाबरोबर ग्रुप बी संपला.

पोलोच्या काळातला नियम वेगळा होता. ज्या गाडीच्या कुटुंबातल्या किमान २५,००० गाड्या वर्षभरात बनतात, तिच्यापासूनच रॅलीची गाडी तयार करायची. पत्र्याचा मूळ सांगाडा कारखान्यातलाच हवा. इंजिन १.६ लीटरचं, आणि त्यात जाणारी सगळी हवा ३३ मिलिमीटरच्या एका गोल भोकातून जायला हवी. इंजिन कितीही हुशारीने बांधा, श्वास तेवढाच मिळणार. वजन किमान १,२०० किलो, म्हणजे आमच्या पोलोपेक्षा जडच.

फोक्सवॅगनने या स्पर्धेत उतरायचं जाहीर केलं मे २०११ मध्ये. गाडी बांधली जर्मनीतल्या हॅनोवरच्या मोटरस्पोर्ट विभागाने. तांत्रिक सूत्रं फ्रान्स्वा-झाव्हिए देमेझों यांच्याकडे होती, पुढे विभागाचे प्रमुख म्हणून योस्ट कापितो आले, आणि चाचण्यांसाठी दोन वेळचे जगज्जेते कार्लोस साइन्झ होते. २०१२ चं अख्खं वर्ष त्यांनी आपली गाडी स्पर्धेत आणलीच नाही. त्याच उद्योगसमूहातली श्कोडा फाबिया घेऊन ओजिए रॅली करत राहिला. ती कमी ताकदीची, खालच्या गटातली गाडी होती. जिंकणं शक्य नव्हतं आणि तो हेतूही नव्हता. रस्ते कळावेत, टायर बदलायला किती मिनिटं लागतात ते कळावं, मेकॅनिकची टीम जुळावी, एवढ्यासाठी एक वर्ष दिलं.

मग तीन दारांच्या पोलोचा सांगाडा घेऊन त्यात पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला. घरच्या पोलोला मागच्या चाकांमध्ये साधा टॉर्शन बीम असतो. तो गेला आणि चारही चाकांना मॅकफर्सन सस्पेन्शन आलं. गिअरबॉक्स सहा गिअरचा सिक्वेन्शियल. इंजिन केवळ रॅलीसाठी बांधलेलं. डांबरी रॅलीला १८ इंची चाकं, मातीला १५ इंची. बॉडीच्या कडा फुगवून रुंदी वाढवली. हे सगळं झाल्यावर मूळ पोलोचं उरलं काय? सांगाडा, काचा, दिव्यांची ठेवण आणि नाव.

जानेवारी २०१३ मध्ये मॉन्टे कार्लोला पहिल्याच रॅलीत ओजिए दुसरा आला. पहिला आला सेबास्तियाँ लोब, नऊ वेळचा जगज्जेता. पुढच्याच महिन्यात स्वीडनच्या बर्फात पोलो जिंकली आणि लोब दुसरा आला. त्यानंतर २०१३ मध्ये १३ पैकी १०, २०१४ मध्ये १२, २०१५ मध्ये पुन्हा १२. २०१४ ची एकमेव हुकलेली रॅली जर्मनीची, म्हणजे घरच्या मैदानावरची. ओजिएचा अपघात झाला आणि आघाडीवर असलेला यारी-मात्ती लाटवाला रस्ता सोडून थेट द्राक्षांच्या मळ्यात गेला. मला त्या चार वर्षांतली ही रॅली विशेष आवडते, कारण त्यात ती गाडी माणसं चालवत होती हे लक्षात येतं.

आता चाकण. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९ साली सुरू झाला आणि त्या वर्षाअखेर तिथून पोलो बाहेर पडायला लागली. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, आयटीआय करून चाकणच्याच एका छोट्या कंपनीत लागला होता. ही कंपनी मोठ्या कारखान्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवायची. त्यातले काही पोलोला जायचे. दादा क्वालिटीला होता. दिवसभर हातात गो-नो-गो गेज. भाग एका बाजूने बसला पाहिजे, दुसऱ्या बाजूने बसता कामा नये. बसला तर लाल क्रेटमध्ये.

दादाला रॅलीचं वेड लागलं ते यूट्यूबमुळे. रात्रपाळीहून आला की चहा घेत क्लिप लावायचा आणि मला म्हणायचा, "बघ, आपली गाडी." मी तेव्हा कॉलेजला होते आणि मला खोडी काढायची सवय होती. मी त्याला सांगायचे, की युरोपातल्या पोलो स्पेनमध्ये पाम्प्लोनाला बनतात. चाकणची पोलो पाच दारांची, ती तीन दारांची. तुझा एकही भाग त्या गाडीत नाही. दादा शांतपणे म्हणायचा, "भाग नसेल. ड्रॉइंग तर तेच आहे ना?" यावर मला उत्तर सुचायचं नाही. एकाच ड्रॉइंगवरून जगात दोन ठिकाणी माणसं काम करत असतील आणि त्यातल्या एकाची गाडी फिनलंडच्या जंगलात उडत असेल, तर दुसऱ्याने ती आपली का म्हणू नये?

आणि असं म्हणणारा तो एकटा नव्हता. पुण्यात, पिंपरीत पोलो ही पोरांची गाडी झाली होती. जीटीचा बिल्ला, खाली घेतलेलं सस्पेन्शन, रीमॅप केलेलं इंजिन. भारतातल्या राष्ट्रीय रॅलींमध्येही पोलो सर्रास धावू लागली. चार दरवाजे आणि डिकी असलेली ही मध्यमवर्गी गाडी, पण तिच्या नावामागे स्वीडनचा बर्फ होता.

१३ सप्टेंबर २०१५ ला ऑस्ट्रेलियात ओजिएने तिसरं जगज्जेतेपद निश्चित केलं. त्यानंतर पाचव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली.

प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, तरी त्याची रीत पुन्हा पाहण्यासारखी आहे. कंपनीच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं, की गाडी प्रयोगशाळेत तपासणीला उभी आहे हे तिला ओळखता यायचं. स्टिअरिंग किती फिरतंय, वेग कसा बदलतोय, यावरून. तपासणी चालू असली की धूर नियमात. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. हे उघड झालं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटामुळे. त्यात भारतातून गेलेले संशोधकही होते. त्यांनी मोजायची यंत्रं डिकीत ठेवली आणि गाडी सरळ रस्त्यावर काढली. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत चालवत नेली.

जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीने मान्य केलं. भारतातली तपासणी केली एआरएआयने. आपण संध्याकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो, त्याच टेकडीवरची ही संस्था. डिसेंबर २०१५ मध्ये या समूहाने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत पोलोही होत्या.

हॅनोवरच्या रॅली गाडीचा या डिझेल सॉफ्टवेअरशी काही संबंध नव्हता. तिचं इंजिन पेट्रोलचं होतं आणि तिची परीक्षा उघड्यावर, हजारो लोकांसमोर होत होती. त्यामुळेच मला हे जास्त बोचतं. एकाच कंपनीच्या एका खोलीत माणसं रस्ता शिकायला एक अख्खं वर्ष हरायला तयार होती. दुसऱ्या खोलीत माणसं रस्त्यावर काय होतं ते लपवायचा कोड लिहीत होती. आणि दोन्ही खोल्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या नाकावर बिल्ला एकच होता.

दादाला मी तेव्हा विचारलं, आता काय म्हणायचं? अजून आपलीच गाडी का? त्याला राग आला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "जिंकली तेव्हा आपली म्हटलं ना? मग आताही आपलीच. पण माझ्या हातून गेलेला भाग गेजमध्ये बसत होता. तेवढं मी सांगू शकतो." नातं तोडायची सोय त्याने स्वतःला ठेवलीच नाही. आपल्या वाट्याचं काम तेवढं वेगळं काढून दाखवलं.

रॅलीच्या टीमला ती सोय मिळाली नाही. २०१७ साठी नियम बदलणार होते. गाड्या आणखी रुंद, हवेचं भोक ३६ मिलिमीटरचं, ताकद ३८० हॉर्सपॉवरच्या आसपास. हॅनोवरने त्याप्रमाणे नवी पोलो बांधली, महिनोन् महिने चाचण्या केल्या. २ नोव्हेंबर २०१६ ला कंपनीने जाहीर केलं, की या हंगामानंतर आपण रॅलीतून बाहेर पडतोय. कारण दिलं इलेक्ट्रिक आणि भविष्यातल्या तंत्रज्ञानाकडे वळण्याचं. डिझेल प्रकरणाचा अवाढव्य खर्च सगळ्या जगाला दिसत होता. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातली शेवटची रॅली आंद्रेआस मिक्केल्सनने पोलोतच जिंकली. नवी पोलो एकाही रॅलीत धावली नाही. ओजिए एका खाजगी ब्रिटिश टीमकडे गेला आणि फोर्ड फिएस्टा घेऊन आणखी दोनदा जगज्जेता झाला. लाटवाला टोयोटा यारिसमध्ये बसला आणि दुसऱ्याच रॅलीत, स्वीडनमध्ये, जिंकला. त्या दोन्हीही छोट्या हॅचबॅकच. हॅनोवरच्या विभागाने पुढे खाजगी टीमना विकण्यासाठी एक छोटी रॅली पोलो बनवली, इलेक्ट्रिक गाडीने पाइक्स पीकचा विक्रम केला, आणि २०२० च्या अखेरीस तो विभाग बंद करायचा निर्णय झाला.

चाकणची पोलो २०२२ मध्ये थांबली, १२ वर्षांनी. शेवटच्या ७०० गाड्यांना 'लेजंड' असं नाव दिलं होतं. दादाने त्याआधीच नोकरी बदलली होती. आता तो इलेक्ट्रिक स्कूटरचे भाग तपासतो. गेज तेच, लाल क्रेट तोच.

कधीकधी मी त्या न धावलेल्या २०१७ च्या पोलोचे चाचणीतले व्हिडिओ पाहते. रस्ता रिकामा आहे, स्टॉपवॉच चालू आहे, गाडी धूळ उडवत वळण घेते आणि दिसेनाशी होते. तिच्याकडे पाहताना मला तिच्या बोल्टना टॉर्क दिलेल्या मेकॅनिकचा विचार येतो. त्याचं काम चोख होतं. पण ते चोख होतं हे सिद्ध करायला जो रस्ता लागतो, तो त्याला मिळाला नाही, आणि तो ज्यांच्यामुळे बंद झाला त्यांना तो कदाचित कधी भेटलाही नसेल.

आमची पोलो अजून चालते. मागच्या महिन्यात पीयूसी करायला नेली. पंपावरच्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा आला, पावती मिळाली. गाडी उभी होती, इंजिन आयडलला. मी पावती खिशात टाकली आणि घरी जाताना मुद्दाम एआरएआय टेकडीच्या रस्त्याने गेले. चढावर दुसरा गिअर टाकला. मागे काय निघतंय ते आरशात दिसत नव्हतं.