दिवाणजींची वही

खामगावच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मी बारा वर्षं सांभाळलं. काट्यावरचं वजन आणि भाव टाकला की हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापून निघायची. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते. त्याआधी एकदा जाऊन सगळं तपासायचं आणि वर्षाच्या देखभालीचे आठ हजार घेऊन यायचे, हा ठरलेला रिवाज.

दोन वर्षांपूर्वी गेलो तर दिवाणजींनी खिशातून मोबाइल काढला. "भाऊ, राग नका मानू. पोरीनं बनोलं हे."

पोरगी बी.कॉम.ला. गूगल शीटवर हिशोब मांडायचा आणि त्यावरून ॲप उभं करायचं, अशी ॲपशीट, ग्लाइडसारखी साधनं आता कुणालाही मिळतात. ॲपशीट तर गूगलनं २०२० साली विकतच घेतलं. कोडची एक ओळ न लिहिता तिनं तीन रात्रींत काम उरकलं होतं.

दुसऱ्या मिस्त्रीनं बांधलेली भिंत बघावी तसा मी आधी खोट शोधायला लागलो. सापडली. प्रत्येक नोंदीची ओळख म्हणून तिनं शीटमधल्या ओळीचा क्रमांकच धरला होता. कुणी शीट अक्षरवार लावली, की एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग पहिला स्क्रीन नीट पाहिला. सगळ्यात वर शेतकऱ्याचं नाव नव्हतंच. हमालांची टोळी होती. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना शेवटी, बहुतेक वेळा रिकामा.

"टोळी वर काहून?" मी विचारलं.

"भांडण तिथंच होते ना रोज. संध्याकाळी हमाली वाटाची, कोणत्या टोळीनं किती पोते उतरोले, त्याचं."

"मग इतकी वर्षं काय करत होते?"

त्यांनी गल्ल्याखालून लाल वही काढली. बारा वर्षं माझ्या सॉफ्टवेअरच्या जोडीला ती चालूच होती. "तुमी कधी इचारलंच नाही," ते म्हणाले. मी दरवेळी गादीवर मालकाशेजारी बसायचो. लिलावाच्या ओट्यापर्यंत कधी गेलोच नव्हतो.

परतताना माझे पहिले गुरू आठवले. ते फॉक्सप्रोवाले. मी व्हिज्युअल बेसिक शिकलो तेव्हा ते हसायचे, "बटणं ओढून ठेवतोस, याला काय प्रोग्रामिंग म्हणायचं?" त्यांची दोन गिऱ्हाइकं मीच घेतली होती.

त्या वर्षी माझी आणखी तीन कामं गेली: एका अभ्यासिकेची, एका शिकवणीची, एका टँकरवाल्याच्या खेपांची. पैशाचं दुःख होतंच, पण दुसरंच काहीतरी जास्त सलतं. मी शिकलो ते असल्याच कामांवर. माझं पहिलं काम एका मेडिकलचं बिल, मिळाले पंधराशे. चुका झाल्या त्या तिथंच निभावल्या. शेगाव-चिखलीच्या कॉलेजांतून आज बाहेर पडणाऱ्या पोराला चुकायला असं दुकान कुठं मिळणार? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दिवाणजींकडून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा दुकानात गेलो. पोरीला बसवून प्रत्येक नोंदीला वेगळी, न बदलणारी खूण द्यायला शिकवलं. ॲप तिच्या स्वतःच्या जीमेलवर होतं. ते दुकानाच्या खात्यावर घ्यायला लावलं, कारण उद्या ती नोकरीला किंवा सासरी गेली तर दुकानाचा हिशोबही तिच्याबरोबर जायचा. मालकानं पाचशे दिले. आठ हजार आणि पाचशे, फरक कळत होता.

निघताना दिवाणजींकडे जुन्या वह्या मागितल्या. त्यांना नवल वाटलं, पण दिल्या. रात्री चाळत बसलो. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'दोन पोते ओले', 'एक फाटलं', 'टोळीचा माणूस बदलला'. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये यातल्या एकाही गोष्टीला जागा नव्हती.

आता नवं काम आलं की कॉम्प्युटर उघडण्याआधी मी एक सकाळ ओट्यावर काढतो.