फोटोवरचं काम

फोटो कॅमेऱ्यातून जसा निघाला तसाच दाखवायचा, नंतर त्याला हात लावायचा नाही, हे मत मी बरीच वर्षं हट्टानं धरलं होतं. आमचा हौशी फोटोग्राफरांचा एक गट आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचं, कधी कासच्या पठारावर, कधी वाईला कृष्णेच्या घाटावर, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बसून एकमेकांचे फोटो बघायचे. एखाद्यानं आकाश जास्तच निळं केलेलं दिसलं की मी बोलल्याशिवाय राहत नसे. आज मी स्वतः जवळजवळ प्रत्येक फोटोवर बसून काम करते. न केलेला फोटो मला अर्धवट वाटतो. हे मत कसं फिरलं ते गटात तुकड्यातुकड्यानं सांगून झालंय, इथे सलग लिहिते.

पण ते जुनं मत उगाच आलेलं नव्हतं. मी सावळी आहे. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा एका स्टुडिओत माझा फोटो काढला. टचिंग होऊन आला तेव्हा त्यात गोऱ्या गालांची एक मुलगी होती. आई खूश झाली. मग पाहुणे यायचे, मी पोहे घेऊन बाहेर जायचे, आणि त्यांची नजर माझ्यावरून हातातल्या फोटोवर जाऊन पुन्हा माझ्यावर यायची. त्या नजरेचा राग अजून गेलेला नाही. पुढे नोकरी लागली, स्वतःच्या पैशानं कॅमेरा घेतला, तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं की माझ्या हातून कुणाच्या चेहऱ्याचं असं होणार नाही. नियम तिथून आला. त्यामागची भावना मला आजही बरोबर वाटते.

मत हललं ते आत्यामुळे. गावाकडच्या घरी ती पडवीत शेंगा फोडत बसली होती. मागे नुकताच चुना दिलेली भिंत, अंगणात कडक ऊन. मी पाचसहा फोटो काढले, एक निवडला, मोठा प्रिंट करून पुढच्या खेपेला तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला.

‘‘भिंत बेस आलीय. माझं तोंड कुठाय गं यात?’’

खरंच नव्हतं. भिंत स्वच्छ पांढरी, शेंगांचं सूप स्पष्ट, नऊवारीचा काठसुद्धा दिसत होता, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. आत्याच्या कपाळावर गोंदण आहे, भुवयांच्या मधोमध, आणि हनुवटीवर तीन ठिपके. मनगटाच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन आहे, वयानं हिरवट पडलेलं. यातलं काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. आणि मी तर नियम पाळला होता.

असं का झालं याच्या मागे लागले तेव्हा कळलं, की कॅमेऱ्यातला मीटर समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. चौकटीत पांढरी भिंत जास्त आली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच अंधारं करतो. गोऱ्या कातडीला ते थोडंफार निभावतं. सावळ्या माणसाचा चेहरा मात्र आधी जातो. त्या दिवशी एक्स्पोजर वाढवून घ्यायला हवं होतं, हे तर झालंच. पण माझ्या कॅमेऱ्यात फोटोबरोबर रॉ फाइलही साठत होती आणि मी ती तत्त्व म्हणून कधी उघडली नव्हती. लेकीनं ती उघडली. लॅपटॉपवर सावलीचा भाग हळूहळू उजळत नेला, आणि त्या काळोखातून आधी कपाळावरचं गोंदण वर आलं, मग डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, मग हनुवटीवरचे ठिपके.

मी म्हटलं, ‘‘बास, आता खोटं व्हायला लागेल.’’

ती म्हणाली, ‘‘आई, मी यात काही घातलेलं नाही. होतं तेच दिसतंय.’’

रॉ फाइल 14 बिटची असली तर प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाच्या 16,384 पायऱ्या नोंदता येतात. नेहमीच्या जेपेगमध्ये दर रंगाला 256 पायऱ्या. मधलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ज्यानं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिलं त्यानं ठरवलेलं असतं. रंगाचंही तसंच. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बेयर या कोडॅकच्या संशोधकानं शोधलेली जाळी असते, तिचं पेटंट 1976 सालचं. निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल, पाव निळे. एकेक ठिपका एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोबानं भरले जातात. म्हणजे ज्याला मी हात न लावलेला फोटो म्हणत होते, त्यावर आधीच पुष्कळ काम झालेलं होतं. फक्त ते माझं नव्हतं आणि आत्या ज्यानं कधी पाहिली नाही अशा माणसानं ठरवलेलं होतं.

यावर मी गटातल्या एका ज्येष्ठ सभासदांशी बोलले. त्यांची स्वतःची डार्करूम होती, रोल घरीच धुवायचे. मला वाटलं होतं, फिल्मच्या काळात तरी सगळं सरळ असेल. ते हसले. एन्लार्जरखाली आपण हात धरून आकाशाला जास्त उजेड कसा द्यायचो आणि चेहऱ्यावरचा कसा अडवायचो, ते त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो 1941 सालचा. त्याच नेगेटिव्हचे प्रिंट त्यानं पुढे अनेक वर्षं काढले, आणि आकाश उत्तरोत्तर काळं करत नेलं. फिल्म निवडणं हाही एक निर्णयच होता. 1990 साली फुजीची वेल्व्हिया आली आणि निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी ती उचलली, कारण तिच्यावर हिरवा रंग असायचा त्याहून गडद यायचा. त्याच्याही आधी, मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजींसारखी हौशी मंडळी तिच्यात होती, तेव्हाच्या प्लेटांना निळा उजेड तेवढा नीट कळायचा. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश कोरं असतं.

सगळ्यात जास्त मला लागलं ते कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’बद्दल वाचलेलं. लॅबमध्ये रंग जुळवायला नमुन्याचा फोटो असायचा, आणि 1950च्या दशकापासून कितीतरी वर्षं त्यावर गोरीच बाई होती. तिची कातडी नीट दिसली म्हणजे रंग बरोबर. गडद छटांची पहिली दखल घेतली गेली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींमुळे, असं कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांनीच नंतर सांगितलंय. लहानपणच्या रंगीत फोटोंत मी आणि माझे बाबा नेहमी डागासारखे का दिसायचो, ते मला इतक्या वर्षांनी समजलं. स्टुडिओतल्या टचिंगनं मला पुसलं, आणि टचिंग न करताही मी पुसली जातच होते.

तेव्हापासून माणसाचा फोटो काढला की त्याच्या कातडीचा रंग मी हातानं जुळवते. घरी आल्यावर आठवणीवर विसंबत नाही, त्यासाठी फोटो काढतानाच करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवते. शक्य असेल तर माणसालाच शेजारी बसवते. आत्याचा नवा प्रिंट तिच्यासमोर, तिच्या हाताशेजारी धरून बघितला. थोडा उजळ झाला होता, परत खाली आणला. भाचीच्या बायोडाटाच्या फोटोला वहिनी ‘‘एक शेड वर घ्या ना’’ म्हणाल्या, मी घेतली नाही. त्यावरून दोन दिवस अबोला होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सगळं चालतं असं मात्र मी म्हणत नाही. नॅशनल जिऑग्राफिकनं फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले होते, ते मला आजही पटत नाही. दुसऱ्या दिवशीचं आकाश आणून बसवणं मी करणार नाही. चेहऱ्यावरची पुटकुळी काढते, ती आठ दिवसांत जाणारच असते; व्रण काढत नाही. गावच्या देवळासमोर विजेच्या तारा आहेत, त्या मी पुसत नाही, पण दोन पावलं बाजूला होऊन त्या चौकटीबाहेर ठेवते, आणि तेही जमलं नाही तर कडेनं फोटो कापते. या दोन्हींत फरक काय, असं गटातला एक मित्र दर वेळी विचारतो. तारा नाहीशाच करायच्या तर पुसल्या काय आणि कापल्या काय, असं त्याचं म्हणणं. पुसलं की तारेमागे नसलेलं काहीतरी रंगवावं लागतं, कापताना काही रंगवावं लागत नाही, हे माझं उत्तर. त्याला ते पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पुरत नाही.